ड्रायरचा खडखडाट: घरी काय करता येते आणि कोठे थांबावे

कोल्हापूर - पावसाळा सुरू झाला की शाहूपुरीतील घराघरांत दोऱ्या बांधल्या जातात. बाहेर संततधार, आत ओलसर हवा आणि मोरीत फिरणारा वॉशिंग मशिनचा ड्रायर. उन्हाळ्यात तो बिघडला तरी फारसे अडत नाही. पिळलेले कपडे गच्चीवर टाकले की तासाभरात वाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ड्रायरशिवाय शाळेचे गणवेश दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि नेमका याच दिवसांत तो आवाज करू लागतो.

हा आवाज अनेक घरांत नित्याचा म्हणून सोडून दिला जातो. 'यंत्र जुने झाले' एवढे म्हणून त्यावर हात ठेवून ते दाबून धरले जाते. प्रत्यक्षात प्रत्येक आवाजाला वेगळे कारण असते. त्यांतील निम्मी तरी कारणे पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा संयम यांच्या बळावर घरच्या घरी दूर करता येतात. काही कारणे मात्र अशी आहेत की त्यांना घरी हात लावणे धोक्याचे ठरते. कोणता आवाज कोणत्या गटात मोडतो, हे ओळखता येणे महत्त्वाचे.

आपल्याकडे 'ड्रायर' म्हणजे बहुधा दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशिनचा उजवीकडचा, कपडे पिळणारा भाग. तो गरम हवा सोडत नाही. बारीक छिद्रांचा ड्रम अतिशय वेगाने फिरवून तो कपड्यांतील पाणी बाहेर फेकतो. हा वेग मिनिटाला साधारण तेराशे ते चौदाशे फेऱ्यांचा असतो. त्याचा अर्थ काय, हे एका हिशोबाने स्पष्ट होईल. ड्रमची त्रिज्या १२ सेंटिमीटर आणि वेग १,४०० फेरे धरला, तर ड्रमच्या कडेला चिकटलेल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे २६० पट जोर पडतो. दोनशे ग्रॅमचा एक ओला कपडा एकाच बाजूला गोळा होऊन बसला, तर तो ड्रमला पन्नास किलोहून अधिक जोराने त्या बाजूला ओढत असतो. हा ओढा क्षणात उजवीकडे, क्षणात डावीकडे, असा सेकंदाला तेवीस वेळा दिशा पालटत फिरतो. मशिन मोरीत 'चालू लागते' ते यामुळे.

म्हणूनच ड्रम थेट सांगाड्यावर बसवलेला नसतो. खाली मोटर, तिच्या दांड्यावर कपलिंग, कपलिंगमध्ये ड्रमचा दांडा, आणि हे सारे मिळून तीन स्प्रिंगांवर तोललेले, अशी ही रचना असते. स्प्रिंगांवर तोललेल्या प्रत्येक वस्तूचा हेलकावण्याचा स्वतःचा एक ठरलेला वेग असतो. सुरू होताना आणि थांबताना ड्रम त्या वेगातून जातो, तेव्हा दोन-चार सेकंद जोराने थडथडतो आणि नंतर शांत होतो. एवढी थडथड स्वाभाविक आहे, त्यात बिघाड नाही. ती दहा-पंधरा सेकंद टिकू लागली, किंवा पूर्ण वेग घेतल्यावरही थांबली नाही, तर शोध घ्यावा.

आधी कपडे, मग फरशी

थडथडीचे पहिले कारण यंत्रात नसते, कपड्यांत असते. धुतलेल्या कपड्यांचा पिळा तसाच उचलून ड्रममध्ये टाकला जातो. चादर एकीकडे, मोजे दुसरीकडे, असे झाले की तोल गेलाच. कपडे सुटे करून, कडेने गोलाकार, सर्व बाजूंना सारखे रचावेत, हाताने खाली दाबावेत आणि वर मशिनसोबत आलेली प्लॅस्टिकची चकती बसवावी. ही चकती पुष्कळ घरांत माळ्यावर पडलेली असते. तिच्याविना वेगात वर आलेला एखादा रुमाल ड्रम आणि बाहेरचा टब यांच्या फटीत जातो, आणि मग तो काढण्यासाठी अख्खा ड्रम बाहेर काढावा लागतो. एकटी जीन्स पिळायची असेल, तर तोल साधण्यासाठी सोबत एखादा टॉवेल घालावा.

दुसरे कारण मशिनखालची जमीन. मोरीची फरशी मुद्दाम उताराची केलेली असते; पाणी जाळीकडे गेले पाहिजे. जुन्या घरांतील शहाबादी फरशा त्यातच थोड्या वरखाली झालेल्या असतात. अशा जागी उभे केलेले मशिन कितीही नवे असले तरी आवाज करणारच. गवंड्याकडे पाणसळ असेल तर उत्तम, नसेल तर मशिनच्या झाकणावर ताटात थोडे पाणी ठेवून पाहावे. एका बाजूला पाणी सरकले की उतार कळतो. ज्या मशिनचे पाय आट्यांचे असतात, त्यांत ते फिरवून उंची जुळवावी. पाय अचल असतील तर खाली टणक रबराचा तुकडा द्यावा. लाकडाची चकती ओलीत फुगते आणि थर्मोकोल दबतो, त्यामुळे दोन्ही निरुपयोगी. चाकांच्या प्लॅस्टिक स्टँडचे प्रस्थ अलीकडे वाढले आहे. मशिन सरकवण्यास तो सोयीचा खरा, परंतु पिळताना चाकांमुळे हादरे वाढतात. शाहूपुरीतील गल्ल्यांत आता जुन्या घरांच्या जागी मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. तेथे हाच हादरा स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो आणि शेजाऱ्यांतील कुरबुरीचे निमित्त होतो.

फेस हेही एक दुर्लक्षित कारण आहे. साबण नीट न खंगाळता कपडे ड्रायरमध्ये टाकले, तर ड्रम आणि टब यांच्यामध्ये फेस दाटतो. मोटरवर ताण येतो, वेग चढत नाही, घरघर ऐकू येते. पाणी जाण्याचा पाईप वर उचललेला किंवा तुंबलेला असला, तर ड्रम साचलेल्या पाण्यातच फिरू लागतो. पाईप जमिनीलगत, सरळ आणि मोकळा आहे ना, हे मागचे पॅनेल उघडण्यापूर्वीच पाहावे.

आवाज ऐकून निदान

एवढे करूनही आवाज राहिला, तर प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, तर बटण बंद असूनही मशिनमध्ये वीज खेळती असते. मशिन भिंतीपासून दूर, कोरड्या जागी घ्यावे. मग झाकण उघडून रिकामा ड्रम हाताने फिरवून पाहावा.

झाकण उघडे असताना ड्रम सहज फिरता कामा नये, कारण तेव्हा ब्रेक लागलेला असतो. झाकण मिटले की एक तार ओढली जाऊन ब्रेकचा शू कपलिंगच्या चाकापासून दूर होतो आणि ड्रम मोकळा होतो. ही तार सैल पडली, तर शू पुरता सुटत नाही, ड्रम घासत फिरतो. 'चर्र चर्र' असा सततचा आवाज आणि जळक्या रबराचा वास ही त्याची खूण. याउलट शू झिजला किंवा त्याची स्प्रिंग निसटली, तर आवाज होत नाही. मात्र झाकण उघडल्यावर ड्रम लगेच थांबत नाही. हा दोष आवाजाहून कितीतरी गंभीर आहे, त्याचा विचार पुढे केला आहे. तार ताणण्यासाठी बहुतेक मशिनमध्ये तिच्या टोकाला एकाहून अधिक छिद्रे किंवा खाचा असतात. पुढच्या खाचेत अडकवली की काम होते.

'खडखड' किंवा 'टणटण' असा सुटा आवाज आला, तर बहुधा एखादी वस्तू अडकलेली असते. खिशातील नाणे, हुक, सेफ्टी पिन, शर्टाचे बटण. टॉर्च लावून फटीत पाहावे. वस्तू दिसली तर लांब चिमट्याने काढता येते. नव्या मशिनमध्ये असाच आवाज पहिल्याच दिवशी आला, तर वाहतुकीसाठी लावलेल्या पट्ट्या किंवा पॅकिंग काढायचे राहिले आहे काय, हे तपासावे.

काही न सापडल्यास मागचे पॅनेल उघडावे. सात-आठ स्क्रू असतात, ते वाटीत ठेवावेत. कोणत्याही गोष्टीला हात लावण्याआधी मोबाईलवर दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. कोणती वायर कोठून गेली होती, हा प्रश्न नंतर हमखास पडतो. आत खालच्या बाजूला मोटरवर बसलेले कपलिंग दिसते. त्यात बोल्ट आणि त्यांना घट्ट धरणारे नट असतात. रोजच्या हादऱ्यांनी ते सैल होतात आणि दांडा कपलिंगमध्ये खुळखुळू लागतो. तालबद्ध 'खटखट' येते ती येथून. बोल्टचे टोक दांड्यावरील खाचेत नेमके बसवून आधी बोल्ट आणि मग नट आवळावा. नट आधी आवळला तर बोल्ट आठ दिवसांत पुन्हा सैल होतो. घरगुती दुरुस्तीतील सर्वांत समाधान देणारे काम हेच, कारण पाच मिनिटांत महिन्याभराचा खडखडाट थांबतो.

त्यानंतर तीन स्प्रिंगा पाहाव्यात. एखादी तुटली वा गंजून बसली असेल, तर मोटर एका बाजूला कललेली दिसते आणि वरून पाहिल्यास ड्रमभोवतीची फट एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद असते. अशा स्थितीत ड्रम पूर्ण वेगात टबवर आदळतो. टब तडकला तर दुरुस्ती परवडत नाही. स्प्रिंग बदलताना तिन्ही एकदम बदलाव्यात. दोन जुन्या दबलेल्या आणि एक नवी ताठ, असे केल्यास कल तसाच राहतो.

आणखी एक अनपेक्षित कारण म्हणजे उंदीर. अनेक सेमी-ऑटोमॅटिक मशिनचा तळ उघडा असतो. पावसाळ्यात उबेसाठी उंदीर आत शिरतात, चिंध्या आणि कागद ओढून नेतात, पाईप आणि वायरी कुरतडतात. कपलिंगभोवती चिंधी गुंडाळली गेल्याने फडफड होत असेल, तर ती काढून टाकावी. वायरीचे आवरण कुरतडलेले दिसले, तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. ओलसर जागी ती टिकत नाही. तळाला जाळी बसवावी.

तेल घालण्याचा मोह

'कीं कीं' असा बारीक, वेगाबरोबर चढत जाणारा आवाज आला की घरातील तेलाची बाटली पुढे येते. शिलाई मशिनचे तेल, कधी खोबरेल, कधी स्कूटरचे ऑईलसुद्धा. येथे थोडे थांबावे. ड्रमचा दांडा ज्या ठिकाणी टबमधून खाली जातो, तेथे पाणी रोखणारे एक रबरी सील असते. कारागीर त्याला 'बेलो' म्हणतात. त्यात दांडा फिरण्यासाठी बुश असतो. सील झिजले की पाणी बुशमध्ये उतरते, दांडा गंजतो आणि हा आवाज सुरू होतो. वरून ओतलेले खनिज तेल रबराला फुगवते, म्हणजे सील आणखी लवकर जाते. शिवाय तेल ओघळून ब्रेकच्या शूवर पडले, तर ब्रेक निसटू लागतो. आवाज चार दिवस थांबतो, आणि पाणी थेंबाथेंबाने खाली मोटरवर पडत राहते.

योग्य उपाय म्हणजे सील बुशसह बदलणे. कपलिंगचे वरचे बोल्ट सैल केले की ड्रम वर ओढून काढता येतो. दांडा गंजाने चिकटला असेल, तर ओढाताण न करता हलके हलके फिरवत काढावा. दांड्यावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासावा, नवे सील बसवावे. दांड्यावर खोल चर पडले असतील, तर नवे सीलही फार दिवस टिकत नाही. दांडाच बदलावा लागतो.

आवाज सीलमधून येतो की मोटरमधून, हे ओळखण्याची साधी रीत आहे. कपलिंग सैल करून ड्रम वेगळा करावा आणि मोटरचा दांडा नुसत्या हाताने फिरवावा. तो खरखरत असेल, तर मोटरचे बेअरिंग किंवा बुश गेले आहे. मोटर उघडणे हे घरचे काम नव्हे, मात्र ती काढून कारागिराकडे नेता येते. त्या बाबतीत कोल्हापूरकर सुदैवी आहेत. फौंड्री आणि ऑईल इंजिनांवर वाढलेल्या या शहरात, शिवाजी उद्यमनगरात, बेअरिंग आणि सील विकणाऱ्या दुकानांची वाण नाही. सुटा भाग 'कंपनीचाच' हवा, असा आग्रह बेअरिंगच्या बाबतीत धरण्याचे कारण नाही. त्यांची मापे जगभर एकच असतात. उदाहरणार्थ, ६२०३ हा क्रमांक असलेल्या बेअरिंगचा आतील व्यास १७, बाहेरील ४० आणि जाडी १२ मिलिमीटर असते, मग ते कोणत्याही नामांकित उत्पादकाचे असो. जुन्या बेअरिंगवरील क्रमांक पाहून तेच घ्यावे. पाण्याजवळच्या जागेसाठी पत्र्याच्या झाकणाऐवजी दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले बेअरिंग अधिक टिकते.

पुढून उघडणाऱ्या फुल्ली-ऑटोमॅटिक मशिनमध्ये पिळताना विमानासारखी घरघर येत असेल, तर तेथेही बहुधा बेअरिंगच गेलेले असते. त्यासाठी मात्र जवळपास सगळे मशिन उलगडावे लागते, काही प्रकारांत तर टब सांध्यावर चिकटवलेला असतो. तो उद्योग घरी करू नये.

येथे थांबावे

मोटर नुसती 'घूं' करते आणि ड्रम फिरत नाही, किंवा अगदी रेंगाळत वेग घेतो, तेव्हा मशिन तत्काळ बंद करावे. अडकलेल्या स्थितीत मोटर भरमसाट वीज ओढते आणि काही मिनिटांत तिचे वाइंडिंग जळू शकते. कारण ब्रेक अडकणे हे असू शकते, अथवा कारागीर ज्याला कंडेन्सर म्हणतात तो कपॅसिटर दुबळा झालेला असू शकतो. दुबळ्या कपॅसिटरमुळे वेग हळूहळू चढतो, ड्रम त्या थडथडीच्या टप्प्यात रेंगाळतो, आणि ऐकणाऱ्यास वाटते की स्प्रिंगा गेल्या. कमी दाबाच्या विजेनेही असेच होते. कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही वीज साठवून ठेवू शकतो. त्याची टोके स्क्रू ड्रायव्हरने जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत सर्रास दिसते, ती घातक आहे. हे काम जाणकाराकडे सोपवावे.

आता ब्रेकचा मुद्दा. झाकण उघडताच दोन गोष्टी घडल्या पाहिजेत : झाकणाखालच्या स्विचने वीज तुटली पाहिजे आणि ब्रेकने ड्रम काही सेकंदांत थांबला पाहिजे. हा स्विच बिघडला की ड्रायर सुरूच होत नाही. मग घाईत, पावसाच्या दिवसांत, स्विचच्या दोन वायरी परस्पर जोडून देण्याची 'तात्पुरती' सोय केली जाते. ही सोय नंतर कोणाच्या लक्षातही राहत नाही. उघड्या झाकणातून फिरत्या ड्रममध्ये हात घातला गेला आणि बोटांभोवती ओढणी किंवा साडीचा पदर गुंडाळला गेला, तर हात सोडवण्यास वेळच मिळत नाही. घरात लहान मूल असेल, तर हा धोका आणखी वाढतो. स्विच हा ड्रायरमधील स्वस्त भागांपैकी एक आहे. तो बदलून घ्यावा, आणि ज्या कारागिराने वायरी जोडून दिल्या असतील, त्याच्याकडून त्या पुन्हा सोडवून घ्याव्यात. सेकंड हँड मशिन घेताना ही पहिली तपासणी असावी.

शाहूपुरीच्या सखल भागासाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये व्यापारासाठी वसवलेल्या या पेठेत जयंती नाल्याच्या बाजूने पंचगंगेच्या पुराचे पाणी चढते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर परिसर पाण्याखाली गेला होता. तळमजल्यावरील मशिनची मोटर तळापासून काही इंचांवरच असते, त्यामुळे गुडघाभर पाणीही तिला पुरते. पूर ओसरल्यावर मशिन वरून पुसून 'चालते का पाहू' म्हणून प्लग लावणे ही घोडचूक होय. गाळाचे बारीक कण बुश आणि बेअरिंगमध्ये बसलेले असतात, आणि ओल्या वाइंडिंगमधून वीज पत्र्यात उतरू शकते. स्वच्छ पाण्याने गाळ धुवून, मोटर काढून, ती वाळवून आणि मेगरने इन्सुलेशन तपासूनच जोडावी. आवाज करणाऱ्या पूरग्रस्त मशिनमध्ये मोटर आणि सील यांची तपासणी एकत्र करणे श्रेयस्कर. मोरीतील सॉकेटला खरे अर्थिंग आणि घराला ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी असणे, ही या सर्व उपायांआधीची गरज आहे.

परदेशी असलेल्या नातलगांशी बोलताना मात्र 'ड्रायर' शब्दाने घोटाळा होतो. अमेरिकेत तो गरम हवेचा असतो आणि त्याचा आवाज वेगळ्या भागांतून येतो : ड्रम ज्यांवर फिरतो ते रोलर, पट्टा ताणणारी पुली, हवेचा पंखा. त्या यंत्रात खरी भीती साठलेल्या कपड्यांच्या तुसाची. तेथील अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळातील आकडेवारीनुसार घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत. त्यांत सरासरी ५ जणांचा मृत्यू होई, शंभर जण जखमी होत, आणि साफसफाई न करणे हे त्यांचे प्रमुख कारण होते. तेथील आप्तांना आवाजापेक्षा तुसाची जाळी आणि हवेचा पाईप यांची आठवण करून द्यावी. आपल्याकडेही गरम हवेची यंत्रे येऊ लागली आहेत.

वॉरंटीच्या मुदतीत मागचे पॅनेल स्वतः उघडू नये. अनेक कंपन्या मोटरवर संपूर्ण यंत्रापेक्षा अधिक वर्षांची वॉरंटी देतात, म्हणून जुन्या मशिनचेही कार्ड एकदा पाहावे. सुटा भाग मिळत नाही, नवेच मशिन घ्या, असे सांगण्यात आल्यास केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'राईट टू रिपेअर' पोर्टलची माहिती घ्यावी; त्यात घरगुती टिकाऊ वस्तूंचा समावेश आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.

दुरुस्तीनंतर पॅनेल लावून मशिन लगेच भरू नये. प्रथम रिकामा ड्रम एक मिनिट फिरवावा, मग दोन ओले टॉवेल समोरासमोर ठेवून. पूर्ण वेगात असताना झाकण उचलावे, हात दूर ठेवावा आणि ड्रम थांबेपर्यंतचे सेकंद मोजावेत. तो रेंगाळत राहिला, तर आवाज थांबला असला तरी मशिन वापरात आणू नये.